हल्ल्याला नाव कोणत्या शहराचे

ज्या अमेरिकन हवाई सैनिकाच्या कबरीवर आमच्या शेजारीणबाई आयुष्यभर फुले वाहत आल्या, तो त्यांच्याच गावावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानांत होता का? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी महामारीच्या पहिल्या हिवाळ्यात मी अमेरिकन लष्करी इतिहासाची पुस्तके वाचू लागले. प्रश्न माझा नव्हता. तो कुंपणावरून माझ्याकडे आला.

आम्ही नेदरलँड्समधील नायमेखनला राहतो. पतींची नोकरी येथील चिपनिर्मितीच्या उद्योगात. मी पुण्यातील शाळेत इतिहास शिकवत असे, ते सोडून त्यांच्यामागे आले. टाळेबंदीत ते माडीवर संगणकासमोर बसून असत आणि मी अंगणात. पलीकडच्या अंगणात शेजारीणबाई. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आणि दृष्टी अधू. येथील रीतीप्रमाणे मी त्यांना ‘मेव्रौ’ म्हणत असे. वडीलधाऱ्या स्त्रीला आपण बाई म्हणतो तसे. कुंपणाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, मध्ये नियमाचे अंतर. मेव्रौ एखादे पुस्तक कुंपणावर ठेवून मागे सरत, मग मी ते उचलत असे.

कबरीविषयी आधी सांगायला हवे. नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या अमेरिकन सैनिकांची दफनभूमी आहे. तेथील प्रत्येक कबर एखाद्या डच कुटुंबाने दत्तक घेतलेली असते. दत्तक म्हणजे वर्षातून काही वेळा जायचे, फुले ठेवायची, जमल्यास अमेरिकेतील नातेवाइकांना पत्र लिहायचे. कबर निवडता येत नाही. जी वाट्याला येते ती सांभाळायची. पालक थकले की मुले पुढे चालवतात.

मेव्रौंच्या आईवडिलांच्या वाट्याला एका बॉम्बफेकी विमानातील गनर, म्हणजे मशीनगन चालवणारा सैनिक, आला. आईवडील मुळात नायमेखनचेच. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्याआधीच्या हिवाळ्यात अमेरिकन विमानांनी सीमेलगतचे हे शहर जर्मन समजून त्यावर बॉम्ब टाकले. धोका टळल्याचा भोंगा नुकताच वाजला होता. मेव्रौंची थोरली बहीण त्या भोंग्यावर विश्वास ठेवून दुपारच्या शाळेला निघाली आणि परतली नाही. घरही जळाले. कुटुंब आईच्या माहेरी दक्षिणेला गेले आणि युद्ध संपल्यावर तेथील गावकऱ्यांबरोबर त्यांनीही एक कबर घेतली. ज्यांनी मुक्त केले त्यांचीच कबर, असे वडील म्हणत. मेव्रौंचा भाऊ मात्र तेथे कधी गेला नाही. तो ब्रेडाला राहतो. फोनवर त्याचे एक ठरलेले वाक्य असे, “फुलं कुणाला नेतेस, ते एकदा विचारून घे.”

मेव्रौंना अपत्य नव्हते. ती कबर आमच्या मुलीने पुढे सांभाळावी, अशी त्यांची इच्छा होती. “पण आधी खात्री करायला हवी,” त्या म्हणाल्या. “संशय वारशात द्यायचा नसतो.”

त्यांच्याकडे पुस्तकांचे एक कपाटच होते. त्यातील एक त्या गनरच्या तुकडीचा इतिहास होता. असे इतिहास बहुधा तुकडीतील माणसेच म्हातारपणी लिहितात आणि एकमेकांसाठी छापतात. त्यांत विमानांची चित्रे असतात, तळावरील कुत्र्यांची नावे असतात, मृतांची छायाचित्रे असतात. मेव्रौंनी भिंग लावून बहिणीच्या मृत्यूचा दिवस शोधून काढला होता. त्या दिवशी गनरचे विमान आकाशात होते. पुढे लिहिले होते : गोथा. ते जर्मनीत बरेच आत असलेले शहर. तेथे विमाने बनत.

“पाहिलंस?” त्या म्हणाल्या. “हा गोथाला गेला होता. इथं नव्हताच.” मागची सूचीही त्यांनी पाहिली होती, तीत नायमेखन नव्हते. भावाला त्यांनी त्याच दिवशी फोन केला होता. “इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस, आता ऐक,” अशी त्या फोनची सुरुवात होती, हे त्यांनीच मला हसून सांगितले.

माझे काम केवळ दुजोऱ्याचे होते. ग्रंथालय बंद होते, पण मागितलेली पुस्तके पिशवीत भरून दाराशी देत. मी युरोपातील हवाई युद्धावरचे एक जाडजूड अमेरिकन पुस्तक आणले. ते मेव्रौंना रोज थोडे वाचून दाखवायचे ठरले. पाठ वर्गात घेण्यापूर्वी घरी वाचून ठेवायचा, ही माझी जुनी सवय. त्यामुळे ते वाक्य त्यांच्याआधी मी वाचले.

आशय असा होता : गोथाकडे निघालेल्या विमानांना ढगांमुळे माघारी बोलावण्यात आले, परतताना त्यांतील काहींनी वाटेत दिसेल त्या शहरावर बॉम्ब टाकले आणि त्या शहरांत नायमेखन होते.

मेव्रौंची चूक कुठे झाली ते मला तेव्हा कळले. तुकड्यांच्या इतिहासात हल्ल्याला नाव मिळते ते जेथे जायचे ठरले होते त्या शहराचे. बॉम्ब जेथे पडले त्या शहराचे मिळेलच असे नाही. तुकडीच्या दृष्टीने तो दिवस गोथाचा, अर्ध्यावर सोडलेला, फारसे न लिहिण्याजोगा. येथे मात्र त्या दिवसाला या गावाचेच नाव आहे. ‘गोथा’ या नोंदीने गनर दूर गेला नव्हता; उलट तो त्याच विमानसमूहात येऊन बसला होता.

मी पतींना विचारले, “ते पान गाळलं तर?”

“तू?” ते म्हणाले. “मुलांनी धडा गाळला तर पालकांना बोलावणारी बाई तू.” मग गंभीर होऊन म्हणाले, “त्यांनी तुला विचारलंय. उत्तर त्यांचं आहे.”

मी पान गाळले नाही. वाचताना स्वर सपाट ठेवला. शोकाचा मजकूर वाचण्याची दुसरी पद्धत मला येत नाही. मेव्रौ म्हणाल्या, “परत वाच.” मी परत वाचले.

“म्हणजे माझा भाऊ बरोबर म्हणत होता.”

“नाही मेव्रौ, तेही सिद्ध होत नाही. विमानं पांगली होती. काहींनी बॉम्ब तसेच परत नेले. याचं विमान कुठं होतं, ते या दोन्ही पुस्तकांत नाही. आपल्याला एवढंच म्हणता येतं की—”

“हे वर्गात सांग,” त्या म्हणाल्या. “मला एवढंच सांग, मी फुलं पाठवू का नको?”

पुरावा कोठे संपतो हे मला शिकवलेले आहे. तो संपल्यावर माणसाने काय करावे, हे नाही.

त्यांनी आत जाऊन फोन आणला आणि माझ्यादेखत भावाला लावला. आवाज मोठा ठेवला होता. “मी तुला चुकीचं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “तो त्या दिवशी त्यांच्यात होता. त्यानंच टाकले का, ते कळत नाही.”

वर्षानुवर्षे टोमणे मारणारा हा माणूस आता जिंकल्यासारखे बोलेल, असे मला वाटले. त्याने विचारले, “वय काय होतं गं त्याचं?”

“एकोणीस.”

“मग आता कबर सोडशील?”

“माहीत नाही.”

त्या वसंतात मेव्रौंनी फुले पाठवली नाहीत. प्रवासाची बंधने हे कारण पुरेसे होते, पण ते खरे नव्हते. याआधी त्यांनी तेथील फुलवाल्याकडून फुले पोहोचवली होती. कबर त्यांनी परतही केली नाही. आमच्या मुलीचे नाव लावण्याचा विषय मी काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, “अजून नको. हे असं अर्धवट कुणाच्या हातात देत नाहीत. माझ्याकडेच राहू दे.” पुढच्या वर्षीही ती कबर त्यांच्याच नावावर होती, फुलांवाचून. भाऊ आता फोनवर त्याविषयी काही बोलत नाही, आणि ते त्यांना टोमण्यांपेक्षा जड जाते.

मी त्यानंतर आणखी पुस्तके मागवली. कोणी या गावाला एक परिच्छेद देतो, कोणी एक तळटीप, कोणी काहीच नाही. कोणत्या विमानाने काय केले याविषयी त्यांचे एकमत नाही. ज्या प्रश्नाने सुरुवात केली त्याचे उत्तर मजजवळ नाही. फक्त एक चुकीचे उत्तर मी काढून टाकले आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी भरली.

अशी पुस्तके आपल्यापैकी कुणाकडे असतील, तर कृपया त्या दिवसाचे पान काढा. मागच्या सूचीत नायमेखन नाही, एवढ्यावर थांबू नका. त्या दिवशी कोठे जायचे ठरले होते आणि प्रत्यक्षात बॉम्ब कोठे पडले, या दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहा. मीही दोनच डोळ्यांनी वाचले आहे. माझ्या सांगण्यावर जाऊ नका. स्वतः तपासून पाहा.