राखून ठेवलेली खोट

रविवार, संक्रांतीनंतरचा पहिला. स्थळ : सिंदेवाहीजवळच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाची पाळ. हजर : खोटवाले भाऊ, चंद्रपूरला मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारे रफीकभाई, जनावरांचे डॉक्टर मेश्राम आणि मी. गैरहजर कोणी नाही. तलाव ज्या ढिवरांच्या मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं आहे तिची परवानगी आदल्या दिवशीच घेतली होती. ताडपत्री मी आणली, चहा डॉक्टरांनी, तीळगूळ रफीकभाईंनी. भाऊंनी त्या दिवशी जे आणलं ते पुढे येईलच.

आमची मासेमारी गांडूळ लावून बसण्याची नाही. पिसांची नकली माशी, जाडसर दोर आणि लवचिक रॉड. दोर डोक्यावरून मागेपुढे झुलवायचा आणि माशी पाण्यावर अलगद उतरवायची. मासा लागला की पाहायचा आणि सोडून द्यायचा. माझ्या सासूबाई याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. हे सामान आमच्या दोन जिल्ह्यांत दुकानात मिळत नाही, म्हणून जुनं सामान एकमेकांना विकायची रीत पडली. वर्षातून एकदा ताडपत्रीवर मांडायचं, विकणाऱ्यानं आधी स्वतः फेकून दाखवायचं, मग बोलणी.

या बाजारात खोटवाले भाऊंसारखा विक्रेता मी दुसरा पाहिला नाही. लोक वस्तूचे गुण सांगतात, भाऊ तिच्या खोडी सांगायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, मूल गावात माझ्या मेडिकलच्या मागच्या गल्लीत राहणारा हा उंच माणूस वस्तू हातात घेऊन तिची चारचौघांत लाज काढी. मी पहिलं रीळ त्यांच्याकडूनच घेतलं. ते म्हणाले, "बाई, हँडल ढिलं आहे. डबी याची नाई, दुसऱ्याची आहे. ओलं झालं का किरकिरते. अन् एक खोट राखून ठेवली. ते तुमी शोधा."

"सगळं सांगता, मग एकच काऊन लपवता?" मी विचारलं.

"लपवून नाई राह्यलो. आहे म्हणून सांगून तर राह्यलो."

मी औषधांच्या धंद्यातली. पाकिटावर लिहिलेलं नसेल ते आत आहे असं कोणी म्हटलं, तर माल परत पाठवते. पण रीळ हवं होतं. घरी नेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर सगळं खोललं, पुसलं, पुन्हा जोडलं. अखेर बोटानं सापडलं : आतल्या चाकाच्या कडेला केसाएवढा काटा होता, दोर हळूहळू सोलणारा. तणतणत त्यांच्या घरी गेले. भाऊंनी ऐकून घेतलं, खिशातून कानस काढली, काटा घासून टाकला आणि म्हणाले, "आता हे रीळ तुमचं झालं. खोट सांगतपर्यंत वस्तू माझीच राहते."

ही त्यांची अट होती. शोधायची आणि तोंडानं येऊन सांगायची. रफीकभाईंनी एकदा त्यांच्याकडून रॉड घेतला आणि काहीही न शोधता नागपूरच्या कोणाला तरी विकून टाकला. पुढची कितीतरी वर्षं भाऊंनी त्यांना माशीसुद्धा विकली नाही. "रफीक, तुले वस्तू नाई पायजे, तुले सौदा पायजे," असं म्हणून ताडपत्रीवरून त्यांचा हात बाजूला करीत. रफीकभाईंचा संशय वेगळा होता. ते मला हळूच म्हणायचे, "ताई, खोट-बोट काही नसते. हा माणूस सगळ्यांना कामाला लावून मजा पाहते."

शिकवण मात्र आमच्या अंगात भिनली. कोणीही काही विकायला काढलं की डॉक्टर रॉडच्या कड्यांमधून कापसाचा बोळा ओढून पाहणार, तडा असला की धागा अडकतो. रफीकभाई सांध्यांना कान लावणार. मी प्रश्न विचारणार आणि उत्तरं लिहून घेणार. स्वतः भाऊ तर फुकट मिळालेल्या माशीचीही गाठ दातानं ओढून पाहत.

एटापल्लीच्या बाजारात एकदा त्यांना तोडीस तोड बाई भेटली होती. माश्या बांधायला त्यांना तांबूस कोंबड्याच्या मानेची पिसं लागत. त्यांनी कोंबडेवाल्या बाईला पूर्ण पैसे देऊ केले आणि म्हणाले, कोंबडा कापाल तेव्हा पिसं ठेवा, कोंबडा तुमचाच. बाईनं पैसे परत केले. "कोंबडा काऊन सोडता? काय दिसलं तुमाले त्याच्यात?" भाऊ हा किस्सा मोठ्या कौतुकानं सांगत. "गिऱ्हाईक म्हणून आली असती तर तिले मी काहीच विकू शकलो नसतो."

तर तो रविवार. भाऊंनी गाडीतून पिशव्यांवर पिशव्या काढल्या. सगळे रॉड, सगळी रिळं आणि शेवटी माश्यांचा लाकडी डबा, जो ते छातीशी धरून उघडायचे आणि ज्याला आम्हाला हात लावायची मुभा नव्हती. तो डबा उघडा करून त्यांनी ताडपत्रीच्या मधोमध ठेवला.

मग रफीकभाई म्हणाले, "सगळंच विकून राह्यले? काऊन भाऊ?"

"घरात जागा पायजे."

घरात ते एकटे, खोल्या रिकाम्या. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चहा घ्यायच्या निमित्तानं आम्ही पळसाच्या झाडाखाली गेलो. डॉक्टर म्हणाले, "उन्हात राहून माल कडकला असेल. सगळा एकदम काढायचं दुसरं कारण नाही." रफीकभाईंना वाटलं, भाऊंना बाहेरून नवा सेट मिळाला आहे आणि आमच्या गळ्यात भंगार मारायचा बेत आहे. माझीही एक नोंद होती : भाऊंनी बरेच महिने माझ्या दुकानातून गोळ्या घेणं बंद केलं होतं. मूल सोडून चंद्रपूरहून औषध आणतात, हे मला कळलं होतं. म्हणजे माझ्याशी काहीतरी बिनसलं होतं, आणि बिनसलेल्या माणसाकडून मी खरेदी करत नाही.

आम्ही परत येऊन एकेक वस्तू उलटीपालटी केली. कापूस फिरवला, सांधे ऐकले. भाऊ खोडी सांगत राहिले आणि आम्ही माना हलवत वस्तू खाली ठेवत राहिलो. ऊन वर आलं तरी एकही वस्तू हलली नव्हती. माझं मन मात्र तपकिरी रॉडवर होतं. वर्षानुवर्षं मागत होते आणि भाऊ "अजून नाई" म्हणत होते. आज त्यांनी तो आपण होऊन माझ्या हातात दिला. "मूठ झिजली आहे. मधलं कडं बदललं आहे. अन् एक राखून ठेवली."

"आधी फेकून दाखवा," मी म्हटलं.

"तुमीच फेका की."

हे त्यांनी पूर्वी कधी म्हटलं नव्हतं. माझा संशय पक्का झाला. "रीत म्हणजे रीत, भाऊ."

ते पाण्याशी गेले. दोर मागे गेला, क्षणभर थांबला, पुढे आला आणि माशी कमळाच्या पानांपाशी अशी उतरली की पाणी हललं नाही. असं फेकणं आमच्यात दुसऱ्या कोणाला जमत नाही.

"कुठी पडली?" त्यांनी विचारलं.

ते असे आमची परीक्षा घेत, म्हणून मी शाळकरी मुलीसारखं उत्तर दिलं. "पानांच्या अलीकडे."

"हं."

तेवढ्यात पाणी फुटलं. चांगली मोठी मरळ वर आली आणि माशी तोंडात घेऊन वळली. आम्हा तिघांना ती ताडपत्रीवरून दिसली. भाऊ तसेच उभे. "भाऊ, उचला," रफीकभाई ओरडले. भाऊंनी रॉड उचलला तेव्हा मरळ माशी थुंकून गेली होती.

भाऊ वळले. थोडं थांबून म्हणाले, "पाहा, हे एक सांगाचं राहून गेलं. टोक उशिरा उठते याचं."

आणि मी ते लिहून घेतलं. टोक उशिरा उठतं. तरीही रॉड घेतला, कारण एवढी वर्षं वाट पाहिली होती. बाकीचं सामान त्यांनी होतं तसं पिशव्यांत भरलं. पिशव्या उचलताना एक राहिली, ती डॉक्टरांनी हातात दिली.

पुढच्या सुट्टीला मी वैनगंगेवर रॉड फेकून पाहिला. एकदा नाही, सकाळभर. टोक हाताबरोबर उठत होतं. दुसऱ्या कोणाला उचलायला लावलं आणि मी बाजूनं पाहिलं, तरी तेच. याचा अर्थ भाऊंनी नसलेली खोड सांगितली होती. असलेली लपवणारा माणूस मी समजू शकते, नसलेली सांगणारा नाही. रॉड घेऊन थेट त्यांच्या घरी गेले.

दार उघडंच होतं. भाऊ अंगणात खुर्चीवर बसलेले. मी समोर जाऊन उभी राहिले, भर उन्हात, हातभर अंतरावर.

"कोण आहे?" ते म्हणाले.

मी रॉड पुढे धरला. त्यांनी हात पुढे केला, हाताला रॉडची मूठ लागली, अंगठा झिजलेल्या जागेवर फिरला. "अच्छा, बाई." खुर्चीशेजारी स्टुलावर डोळ्यांत टाकायच्या थेंबांच्या बाटल्या होत्या. कोणत्या दुखण्याच्या ते मला लेबल न वाचता कळतं. काचबिंदू, आणि बराच पुढे गेलेला.

"सापडली का?" भाऊंनी विचारलं.

सापडली होती, पण रॉडमध्ये नाही. सांगितली असती तर रॉड त्याच क्षणी माझा झाला असता.

"नाई भाऊ. पाहून राह्यली अजून."

"पाहा, पाहा. घाई नाई."

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "रोज बैलांच्या पापण्या उलटून पाहतो मी." रफीकभाई दुसऱ्याच दिवशी मूलला आले आणि उरलेलं सगळं सामान घेऊन गेले. भाऊंनी या वेळी त्यांचा हात बाजूला केला नाही. प्रत्येक वस्तूमागे एक खोट राखली मात्र. रफीकभाई अजून दुकानात गिऱ्हाईक नसलं की एकेक रीळ खोलून बसलेले असतात. त्यातलं एकही त्यांनी विकलेलं नाही.

आता भाऊ नागपूरला मुलीकडे असतात. सणावाराला फोन येतो. तब्येतीची चौकशी होते आणि मग हमखास तो प्रश्न. मी म्हणते, नाही सापडली. ते म्हणतात, नीट पाहा बाई. या दोन वाक्यांच्या मध्ये ते जरा जास्त थांबतात. मला काय ठाऊक आहे ते त्यांना ठाऊक असावं, असा माझा दाट संशय आहे.

कपाटाच्या दाराला माझी कामांची यादी चिकटवलेली असते. झालेल्या कामावर रेघ मारते, यादी भरली की नवी करते. एक काम मी प्रत्येक नव्या यादीत सर्वांत खाली उतरवून घेते : भाऊंना खोट सांगणे. तपकिरी रॉड त्याच कपाटाशेजारी उभा आहे. मी त्याला तेलपाणी करते, पण अजून तो त्यांचाच आहे.