हापूसला लावलेली तीट

सासूबाईंनी माझं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. नवरा जहाजावर, त्यामुळे पावसची बाग मीच बघते, आणि इतक्या वर्षांतला त्यांचा वरच्यात वरचा शेरा म्हणजे "बरं आहे." यंदा आमचे आंबे पहिल्यांदा परदेशी निघाले तेव्हा मी मनाशी ठरवलं, की माल पास करून दाखवायचा आणि या बाईंच्या तोंडून एकदा तरी शाबासकी काढायची.

हल्ली आंब्याची परीक्षा माणूस घेत नाही. रत्नागिरीच्या पॅक हाऊसमध्ये आंबा पट्ट्यावरून गडगडत जातो, कॅमेरे त्याला चहूबाजूंनी न्याहाळतात आणि एआय निकाल देतो: हा विमानाने, हा बोटीने, हा परत घरी. कुठल्या देशात भाव चढलाय, कुठल्या बंदरात जहाजं तुंबलीत, हेही म्हणे त्याला कळतं. मुलगी बघायला आलेली आत्याबाईसुद्धा इतक्या खोलात शिरत नाही.

आमचा पहिला क्रेट गेला आणि लाल दिवा लागला. दुसऱ्यालाही लाल, तिसऱ्यालाही. पडद्यावर आलं: बुरशीचा डाग, सगळा माल नामंजूर. मशीनवरची मुलगी मात्र बुचकळ्यात पडली. दर क्रेटमध्ये एकच फळ रोगट, आणि तेही सगळ्यांत देखणं. इतका शिस्तीचा रोग तिने पाहिला नव्हता. तिने एक फळ उचलून त्यावर बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"काजळ आहे हे."

"मग काय डांबर असेल?" हट्टाने माझ्याबरोबर आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "मीच लावलंय. साता समुद्रापलीकडे चाललेत, कुणाकुणाच्या नजरा पडतील. तीट नको?"

मुलगी बिचारी अदबीने म्हणाली, "आजी, मशीनला तीट शिकवलेली नाही. पुसा, पुन्हा घालते. पण लवकर हां, तुमची विमानातली जागा ते राजापूरच्या मालाला द्यायला लागलंय."

"पुसायचं नाही. अपशकुन होतो."

मग मात्र माझा तोल गेला. "आई, वर्षभर त्या झाडांखाली मी राबलेय. तुमच्या बोटभर काजळापायी सगळं पाण्यात घालू नका." लग्न झाल्यापासून त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. चढवला तो असा, चारचौघांत.

सासूबाईंनी पदराचं टोक ओलं करून स्वतः एकेक फळ पुसलं. क्रेट पुन्हा पट्ट्यावर चढले आणि दिवे हिरवे होत गेले. सगळा माल विमानाने जाणार असं पडद्यावर आलं. मी आशेने त्यांच्याकडे पाहिलं.

"बरं आहे," त्या म्हणाल्या.

मला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात त्यांनी कनवटीची काजळाची डबी काढली. "इकडे ये गो." आणि पन्नाशी उलटलेल्या माझ्या गालावर, सगळ्या पॅक हाऊसदेखत, त्यांनी बोट टेकवलं.

"आई, अहो, हे काय? आंबे झाले ना पास?"

"आंब्यांना काय धाड भरलीय," त्या डबी बंद करत म्हणाल्या. "दृष्ट लागायची ती पिकवणारीला."