चांद्याचा तोबरा

माझ्या उजव्या मनगटावर दातांचा व्रण आहे. कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं — एकानं खोडीचा घोडा गळ्यात मारला होता, त्याची खूण. बायकोला हेच सांगितलं, पोरांनाही हेच. खरं काय घडलं ते या तोंडातून आजवर बाहेर पडलेलं नाही. आज तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? — माहीत नाही.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. रोज कुठंतरी नवं ऑफिस उघडायचं. एस.टी.तून बदलीचे साहेब, कारकून ट्रंका घेऊन उतरायचे आणि आपलं ऑफिस कुठं आहे हे त्यांनाच माहीत नसायचं. टांग्यांच्या घुंगरांच्या आवाजात सकाळ सुरू व्हायची. अजून कधी भिजवलेल्या हरभऱ्याचा वास आला की ते दिवस आठवतात. मी हमालीतून वर आलेला माणूस. दोन टांगे केले होते, तिसऱ्यासाठी घोडा बघायला माळेगावच्या जत्रेत गेलो.

तिथं कादरमामू भेटले. उदगीरकडचे जुने घोडेवाले. चांद्या त्यांचा — तांबडा, कपाळावर पांढरा ठिपका. घोड्याला चंदी, म्हणजे दाणा, द्यायची वेळ होती. मामूंनी हरभऱ्यानं भरलेली पिशवी, तोबरा, एका हातात धरला, दुसऱ्या हाताची दोन बोटं वर केली. चांद्या एक पाऊल मागं सरला, मान खाली घालून थांबला. मग मामूंनी त्याच्या तोंडाला तोबरा बांधला.

"मामू, घोडा विकताय का जावई?" मी म्हणालो.

"जावई मांगता, शेठ. ये ठैरता."

भोवतालचे हसले. माझ्यावर.

आमच्याकडं जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. माझी रीत अशी, की मी मध्येच हात काढून घ्यायचो. समोरचा घाबरायचा, खाली यायचा. त्या दिवशी मी तीनदा हात काढला. मामूंनी एक बोट सोडलं नाही. वर सगळ्यांदेखत म्हणाले, "खोड निकली तो अगली जत्रा में वापस लाव. जबान देतूं." घोडा मी घेतला. पण ती हार — ती काही मला गिळता आली नाही.

पुढं पाऊस गेला. कडबा मिळेना, तोबरा अर्ध्यावर आला. तरी चंदीच्या वेळी चांद्या एक पाऊल मागं सरून थांबायचा. शांत. आणि मला तो मामूंसारखाच वाटायचा. मी तोबरा पुढं करायचो आणि हात काढून घ्यायचो. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. शहाण्यासारखा थांबला तर द्यायचा नाही. कान पाडून अंगावर आला की मगच द्यायचा. गंमत होती म्हणू? गंमत नव्हती. दोन-तीन महिन्यांत तो तोबरा बघताच दात दाखवायला, धडका द्यायला लागला. मी काठीनं झोडपायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचो.

बायको एकदा म्हणाली, "मी चंदी दिली की लई गुणी ऱ्हातंय की ओ हे. तुमच्यावरच का येतंय?"

तिच्यावर असा ओरडलो, की तिनं पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या जत्रेला चांद्याला घेऊन गेलो. माणसं गोळा केली. "बघा, मामूंचा जावई बघा!" तोबरा पुढं केला, हात काढून घेतला. दोनदा. तिसऱ्यांदा त्यानं मनगट धरलं. रक्त आलं. दुखलं का? — खरं सांगू? मला आनंद झाला.

मामू माझ्या हाताकडं बघत होते. तो हात पुढं कसा येतो आणि मागं कसा जातो, हे रुमालाखाली त्यांनी आधीच ओळखलं होतं. ते बोलू शकले असते. "जबान दिया था मैं," एवढंच म्हणाले. पैसे परत केले, चांद्याचा दोर हातात घेतला.

त्या जत्रेत मामूंच्या रुमालाखाली पुन्हा कुणी हात घातला नाही. पुढच्या वर्षीही नाही. ज्या माणसाचा शब्द हाच त्याचा धंदा, त्याचं काय राहिलं? नंतर मामू जत्रेत दिसायचेच बंद झाले.

एक सांगायचं राहिलं. त्याच दिवशी मनगटाला पट्टी बांधून येताना मला मामू दिसले, राहुट्यांच्या मागं, एकटेच. तोबरा पाठीमागं धरून, दोन बोटं वर करून उभे. चांद्या कान पाडून अंगावर गेला. मामू हलले नाहीत. ओरडले नाहीत. पुन्हा गेला, पुन्हा. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग चांद्यानं एक पाऊल मागं घेतलं, आणि मान खाली घातली.

हे मी डोळ्यांनी बघितलं. दुसऱ्या कुणीही नाही.

आणि मी पट्टी सोडली, बाही वर केली आणि गर्दीत गेलो — जखम दाखवायला.