दुपारी खरी झालेली बातमी

संघपाल गजभिये बावीस वर्षांपासून आमच्या मनीषनगरात पेपर टाकतो. त्याच्यावर मी आयुष्यात एकदाच ओरडले, आणि अशी ओरडले की समोरच्या बिल्डिंगमधली माणसं ब्रश तोंडात ठेवून गॅलरीत आली. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं. त्या दिवशी मात्र तो समोर असता तर मी त्याच्या हातातला पेपरचा गठ्ठा त्याच्याच डोक्यात घातला असता.

माणूस किरकोळ अंगाचा, बोलायला मवाळ. मोपेडच्या दोन्ही बाजूंना नायलॉनच्या पिशव्या, आणि नेम असा की चालत्या गाडीवरून फेकलेला पेपर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीला धक्का न लावता पडतो. त्याच्या रोजच्या रस्त्याला तो 'माझी लाईन' म्हणतो. लाईनीतल्या कुठल्या घरात कोण आजारी आहे, कोण गावाला गेलं, कोणाची सून माहेराहून परत आली, सगळं त्याला ठाऊक. दाराशी दोन दिवसांचे पेपर तसेच दिसले की हा बेल वाजवून विचारपूस करणारच.

तीन वर्षांपूर्वी एका आठवड्यात नऊ घरांनी त्याला पेपर बंद करायला सांगितलं. कारण सगळ्यांचं एकच, "सकाळी सकाळी डोक्याले ताप कायले?" हलवाई स्वतःची मिठाई खात नाही, तसं संघपालनंही तोवर इतकी वर्षं पेपर नुसता टाकला होता, वाचला कधी नव्हता. त्या दिवशी तो फुटपाथवर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत गेला. खून, घोटाळा, बलात्कार, अपघात, पुन्हा खून. चांगली म्हणावी अशी एकच बातमी सापडली. नवव्या पानावर, काडेपेटीएवढी.

"ताई, मले वाटलं, एवढ्या लोकाईच्या दारात मी रोज हे फेकून राहिलो?" हे सांगताना आजही त्याचा चेहरा पडतो.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पेपरात पुरवणीसोबत एक चिठ्ठी येऊ लागली. पोस्टकार्डापेक्षा लहान, त्याच्याच हातची, झेरॉक्स काढलेली. वर लिहिलेलं, 'लाईनीतली चांगली बातमी'. पहिली मला तोंडपाठ आहे. 'कापसे आजींनी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काल स्वतः सुई ओवली.' मग आलं, 'सौरवले तिसऱ्या खेपेत लायसन्स भेटलं, सगळ्यांनी सांभाळून चालावे.' बँकेच्या वॉचमननं रस्त्यात पडलेलं मंगळसूत्र दारोदार विचारून परत केलं, तेही आलं. बातमी रोज एकच, लाईनीतलीच, आणि त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. ऐकीव बातमी चालणार नाही, हा त्याचा नियम. लोक आधी हसले. मग सकाळी पेपर झटकून आधी चिठ्ठी शोधू लागले. बंद झालेल्या नऊपैकी सहा घरं परत आली.

एक अडचण तेवढी होती. झेरॉक्सचं दुकान सकाळी दहाला उघडतं आणि पेपर जुळवायला संघपाल पहाटे चौकात बसतो. म्हणून उद्याची चिठ्ठी आज संध्याकाळीच छापून ठेवावी लागायची.

आता माझ्या बाबांबद्दल. मारोतराव भोयर, वय एक्क्याऐंशी, सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले. आई गेल्यापासून माझ्याकडेच राहतात. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडतो. जेवले की विसरतात, घर विसरतात, कधी कधी आई गेली हेच विसरतात. एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी मी पोळ्या करत होते. दार उघडं राहिलं आणि बाबा निघून गेले.

ऊन चव्वेचाळीस डिग्री. आम्ही गल्ल्या, मंदिरं, बागा पालथ्या घातल्या. पोलिसात तक्रार दिली, फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला, आणि तिथेच चूक झाली. दोन तासांत त्या फोटोखाली लोकांनी काय काय लिहिलं! म्हातारी माणसं पळवणारी टोळी आलेली आहे म्हणे. किडनी काढतात म्हणे. शेवटचं ज्यानं पाहिलं त्यालाच पोलीस आधी उचलतात म्हणे. कोणीतरी मला थेट लिहिलं, 'विहिरी पाहून घ्या.' सोमवारी पेपरात आतल्या पानावर दोन ओळी आल्या, 'वृद्ध बेपत्ता'. बाबांचं नावही चुकीचं छापलेलं.

सोमवारी संध्याकाळी सावनेरहून फोन आला. बाबांबरोबर खाणीत काम केलेले नत्थूकाका ओरडतच होते, "भेटले वं प्रेमलता, भेटले! इथं बसस्टँडवर बसून हायेत!" माझे यजमान तसेच गाडी काढून सावनेरला निघाले. मी गॅलरीत धावले. खालून संघपाल झेरॉक्सच्या दुकानाकडे चालला होता. मी वरूनच हाक मारली, "संघपालभाऊ, बाबा भेटले!" त्यानं मोपेड उभी केली, दोन्ही हात वर केले आणि भर रस्त्यात एक उडी मारली.

रात्री यजमानांचा फोन आला. तो म्हातारा दुसराच कोणी होता. धोतर तसंच, टोपी तशीच, माणूस वेगळा.

त्यानंतर मला काही सुचलंच नाही. संघपालला कळवायला हवं, हे तर मुळीच नाही. सकाळी पेपर पडला आणि त्यातून चिठ्ठी सरकून बाहेर आली. 'आपल्या लाईनीतले काकाजी मारोतराव भोयर भेटले! घरच्यांचे अभिनंदन!' उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मी फोन लावला आणि तोंडात येईल ते बोलले. इतकी वर्षं नियम पाळला आणि माझ्याच बापाच्या वेळी मोडला? दीडशे घरांत खोटं वाटलं? आता कोण शोधणार माझ्या बापाला? आधी वरून हाक मी मारली होती, हे त्याला म्हणता आलं असतं. तो एवढंच म्हणाला, "ताई, मी आत्ता घरोघर जाऊन चिठ्ठ्या परत आनतो."

फोन ठेवेपर्यंत बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बाई साखर घेऊन उभ्या. त्यांना खरं सांगते न सांगते तोच मागून आणखी दोघं आली. मग जिना माणसांनी भरूनच गेला. इतकी वर्षं या बिल्डिंगमध्ये राहून ज्यांची नावं मला माहीत नव्हती, ती माणसं पेढे घेऊन आली होती, आणि मी प्रत्येकाला "नाही हो, नाही भेटले" सांगत होते. असा छळ शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

आणि मग अकराच्या सुमारास भैय्याजी आले. कोपऱ्यावर उसाच्या रसाची गाडी लावतात ते. माझं काही न ऐकता जिन्यातूनच सुरू झाले, "बरं झालं बाप्पा! माझा जीव भांड्यात पडला. रविवारी मीच तं रस पाजला त्याईले. म्हने, बायकोले पाह्याले दवाखान्यात चाललो. मीच बसवून देल्लं बर्डीच्या बसमध्ये."

मी साखरेची वाटी कोणाच्या तरी हातात दिली. "भैय्याजी! मग दोन दिवस बोलला काहून नाही तुम्ही?"

त्यांनी मान खाली घातली. "त्या मोबाईलवर वाचलं ना ताई. शेवटचं ज्यानं पाह्यलं त्यालेच उचलतात म्हने. मीच बसवलं म्हटलं असतं तं मलेच धरलं असतं. आता भेटले म्हटल्यावर म्हटलं, सांगून येतो."

बायको! दवाखाना! आईचं ऑपरेशन अकरा वर्षांपूर्वी धंतोलीत, बर्डीच्या बसच्या वाटेवरच, झालं होतं. पण धंतोलीत तर दर दहा पावलांवर दवाखाना! आईच्या वेळचा कधीचाच बंद पडलेला, आणि त्या जागेच्या आसपास आम्ही रविवारीच चौकशी करून आलो होतो. मग आता कुठे बघायचं? मी हे मोठ्यानं बोलत होते बहुतेक, कारण जिन्याच्या खालच्या पायरीवरून एक बारीक आवाज आला.

"सरकारी पान्याच्या टाकीजवळचा जो मोठा दवाखाना हाये ना, तिथं हायेत ते." समोरच्या बिल्डिंगमध्ये भांडी घासायला येणाऱ्या अंजनाबाई. दुपारी त्या धंतोलीतल्या त्याच दवाखान्यात झाडू-फरशी करतात. "काल पाह्यलं मी. खालच्या हॉलमध्ये बसून राह्यले होते. फोटोतलेच वाटले, पन मले भेव वाटलं वं ताई. आज आमच्या मॅडमनं चिठ्ठी वाचून दाखवली, तं पेढा खायाले आली."

तेवढ्यात खाली मोपेड थांबली. संघपाल परत घेतलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात घेऊन, घामानं निथळत वर येत होता. यजमान गाडी घेऊन अजून सावनेरकडेच शोधत होते, म्हणून मी त्यालाच जिन्यातून मागे वळवलं. "भाऊ, धंतोली! चला!"

दोन्ही पिशव्यांच्या मध्ये कशीबशी बसले. वर्धा रोड, छत्रपती चौक, अजनी, रहाटे कॉलनी. एरवी चाळीसच्या वर न जाणारा माणूस त्या दिवशी हॉर्नवरचा अंगठा उचलत नव्हता. उरलेले पेपर पिशवीतून उडत होते, मी ओरडत होते, "पेपर चालले भाऊ!" आणि तो ओरडत होता, "जाऊ द्या ताई, तसंबी त्यात काही नाई!" आणि तशातही मी हसत होते. आम्ही सावनेरपर्यंत धावलो, आणि बाबा सहा किलोमीटरवर. काखेत कळसा, गावाला वळसा.

हॉल खचाखच भरलेला. वर्ध्याचे, चंद्रपूरचे, गडचिरोलीचे नातेवाईक, सतरंज्या, डबे, पिशव्या. भिंतीवरचा टीव्ही कोणाच्या तरी नावानं ठणाणा करत होता. तिसऱ्या रांगेत, खांबाशी, एका सतरंजीवर बाबा मांडी घालून वरण-भात खात होते.

शेजारी एक म्हातारी त्यांच्या ताटलीत आणखी वाढत होती. प्रयागबाई, वरोऱ्याकडच्या. नातू वर दाखल. "दोन दिवसापासून आमच्यासंगच हायेत," ती म्हणाली. "बायको आत हाये म्हन्ते. घरचं कोनी दिसेना, तं म्हटलं, एकल्या मानसाले उपाशी कसं ठेवाचं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "आलीस का वं प्रेमा? डॉक्टर अजून काही सांगून नाही राहिले."

मी तिथेच बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. आणि माझ्या मागे, तो मवाळ संघपाल, ज्याचा आवाज बावीस वर्षांत कोणी चढलेला ऐकला नव्हता, तो हात वर करून हॉलभर ओरडला, "भेटले! काकाजी भेटले!" ज्यांना आम्ही कोण हेही माहीत नव्हतं, त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घड्याळात साडेबारा वाजले होते.

संघपालची मी माफी मागितली, तर म्हणाला, "चूक तं माझीच होती ताई. नियम मी मोडला." तो हे अजूनही म्हणतो. त्याच्या या खोट्या बातमीनंच माझा बाप परत आणला, हे त्याला काही केल्या पटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. पेपर अचूक त्यांच्या पायाशी पडला. त्यांनी चिठ्ठी उचलली, चष्मा लावला आणि एकेक शब्द लावत मोठ्यानं वाचली. 'दुरुस्ती. मारोतराव भोयर भेटल्याची कालची बातमी सकाळी चुकीची होती. दुपारी साडेबारापासून बरोबर आहे. क्षमस्व. संघपाल.'

"प्रेमा, ऐकलं का वं?" ते आत बघून म्हणाले. "कोनी मारोतराव हरवला होता म्हन्ते. भेटला."

"हो बाबा."

"त्याच्या पोरीले किती बरं वाटलं असन!"

"लय," मी म्हटलं. "लय बरं वाटलं तिले."