मास्तरांची बादली

मास्तर कुणाच्याही घरी चहाला गेले की आधी लोणच्याची बरणी हातात घ्यायचे आणि लेबलाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचं नख फिरवायचे. कोपरा उचलला गेला की मान हलवून म्हणायचे, "घाई केली बघा कुणीतरी." लोणचं कसलं आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. मंचरला आमचा लेबलं छापायचा प्रेस आहे, वडिलांनी काढलेला. तिथे मास्तर पहिल्या दिवसापासून मशीनवर होते. शाळेत त्यांनी कधीच शिकवलं नव्हतं, पण सगळं मंचर त्यांना बादलीमास्तर म्हणायचं.

ही बादली मशीनशेजारी असायची. गम लावलेल्या कागदाचा नवा रोल आला की मास्तर त्यावर छापलेलं एक लेबल गिऱ्हाइकाच्याच बाटलीवर किंवा डब्यावर चिकटवायचे, बादलीत बर्फाचं पाणी भरून त्यात सोडायचे, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत त्या कामाला हात लावायचे नाहीत. "कोरड्यात कुठलंबी चिकटतं. गारठ्यात टिकलं तर ते आपलं." निरगुडसरच्या लोणचंवाल्या बायका खोळंबायच्या, कुरकुरायच्या, पण दुसरीकडे जायच्या नाहीत.

वडील गेल्यावर प्रेस माझ्याकडे आला. मी पुण्यात शिकून आलेली, मला सगळ्याचीच घाई. मोठं नवं मशीन घ्यायचं ठरवलं आणि मास्तरांना घेऊन बघायला गेले. विकणारा मशीन पळवून दाखवत होता, मी हरखून गेले होते. मास्तर म्हणाले, "पळतंय ते दिसलं राव. आता बंद पाडून दाखवा." तो हसला. "हसू नका. बंद पडलं तर मंचरला कोण येणार, किती दिसांनी येणार, अन् तवर आमी काय छापायचं, ते सांगा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी घेतलं ते त्यांनी निवडलेलंच मशीन, लहान, साधं, ज्याचा प्रत्येक पार्ट पुण्यात मिळतो. आजही तेच चालू आहे. पण त्यांचं ऐकावं लागलं याचा राग माझ्या मनात राहिला.

तो राग मी बादलीवर काढला. अवसरीच्या एका डेअरीची दह्याच्या कपांची ऑर्डर आली होती. रोल मी परस्पर नव्याच ठिकाणाहून मागवला होता. मास्तरांनी लेबल लावलेला कप बादलीत सोडला, "उद्या सकाळी लावू ताई" म्हणाले आणि जेवायला गेले. त्यांची पाठ वळताच मी रोल चढवून मशीन चालू केलं. ते परत आले तेव्हा निम्मं काम उरकलं होतं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "कप आजून बादलीत हाय."

चार दिवसांनी डेअरीवाले क्रेटभर बोडके कप घेऊन दारात उभे राहिले. थंड खोलीत लेबलं गळून पडली होती. मी तोंड उघडायच्या आत मास्तर पुढे झाले. "माझी चूक झाली पावणं. नजर चालंना आता. गमात फरक हाय ते दिसलंच न्हाई." इतक्या वर्षांच्या माणसापुढे डेअरीवाले नरमले. जाताना मला हळूच म्हणाले, "वय झालं त्यांचं. बसवा आता घरी." आणि मी गप्प बसले. गिऱ्हाईक टिकलं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

मास्तरांना दिसत नाही, हे मंचरभर झालं. महिन्याभरात त्यांनी बादली धुऊन उपडी घातली आणि ते आळ्याला आपल्या गावी निघून गेले. थांबा, असं मी म्हटलं होतं. डेअरीवाल्यांना खरं काय ते सांगते, असं मात्र म्हटलं नाही. पुढच्या महिन्यात जाऊ, समोर बसून बोलू, असं करता करता दोन वर्षं गेली. यंदा श्रावणात मास्तर गेल्याचा फोन आला.

सगळं आटोपल्यावर एक दिवस मी आळ्याला गेले. मास्तरांच्या बायकोला मी काकू म्हणते. त्या ओटीवर गोधडीला टाके घालत बसल्या होत्या. मला बघून थोडं रडल्या, मग सुई पुढे केली. "दोरा ओवून देता का ताई? मला दिसत न्हाई. हे व्हते तवर हेच ओवून द्यायचे, बिनचष्म्याचे, एका झटक्यात. मंग मशीनवर कसं वो चुकलं त्यांचं?"

मी सांगितलं. "चुकलं नव्हतं काकू. बादलीची वाट न बघता ते काम मी लावलं होतं. चूक माझी होती, त्यांनी अंगावर घेतली."

"मला बी न्हाई सांगितलं त्यांनी," काकू म्हणाल्या. "मी रोज बोलायचे वो त्यांना. चष्मा लावला असता तर काम गेलं नसतं, म्हणायचे. दोन वर्षं बोलले. खाली मान घालून ऐकून घ्यायचे."

सुई माझ्याच हातात होती. मला दोरा ओवता येईना.