मागची सीट नसलेली गाडी

माझ्या गोठ्यात एक लाल रंगाची, विलायती थाटाची, दोन सीटची रेसची गाडी उभी आहे. तिच्या शेजारी दोन म्हशी आहेत. म्हशी रोज दूध देतात. गाडी काय देते हे विचारायला गावातले लोक अजून येतात आणि मी चहा पाजून त्यांना वाटेला लावतो.

मी लालासाहेब. विट्याजवळच्या आमच्या गावात दोन घरांआड एक गलाईवाला निघतो, त्यातलाच मी एक. गलाई म्हणजे लोकांचं सोनं वितळवायचं, त्यातलं हिणकस काढायचं आणि शुद्ध करून परत द्यायचं. हे काम मी तिकडे तमिळनाडूत, सेलमला तीस वर्षं केलं. बायको शालन इकडे गावी, माझ्या वडिलांना आणि शेताला सांभाळून. मी वर्षातून दोनदा यायचो, दिवाळीला आणि जत्रेला, आणि आलो की आमच्या सात जणांच्या मोठ्या गाडीतून सगळ्यांना फिरवायचो. आता दुकान मुलगा ऋषिराज बघतो आणि मी कायमचा घरी आलोय.

आमच्याकडे गाडीतल्या पुढच्या सीटला मान असतो. ती सीट नानांची. नाना म्हणजे माझे वडील, लष्करातून सुभेदार होऊन आलेले, आज पंच्याऐंशी वर्षांचे. नाना नसतील तर तिथे पाहुणा बसतो, पाहुणा नसेल तर जावई, आणि कुणीच नसेल तर रस्त्यात हात केलेला ओळखीचा माणूस. बायका मागे. हे कुणी ठरवलं ते माहीत नाही, पण मोडलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. शालनचं माहेर कोयनानगरला. तिचे वडील धरणाच्या कामावर होते आणि भाऊ अर्जुना अजून तिथेच राहतो. पाटण सोडलं की रस्त्याला वळणं लागतात आणि मागे बसलेल्या शालनला मळमळायला लागतं. नाकाशी लिंबू, हातात पिशवी, डोळे गच्च मिटलेले. आम्ही पुरुष मंडळी पुढे बसून उसाच्या दरावर बोलायचो. तिला गाडी लागते, असं सगळे म्हणायचे, एखाद्याला दमा असतो तसं. शेवटी तिनं माहेरी जाणंच सोडलं.

मग अर्जुनाच्या पोरीचं, पूजाचं, लग्न ठरलं. मुलगा फौजेत, त्याची रजा वैशाखात, म्हणून लग्न वैशाखात. शालन फोनवर भावाला म्हणाली, "येते की." आणि फोन ठेवून मला म्हणाली, "तुमीच जावा. मला न्हाई सोसत आता त्ये मागं बसून जायाचं."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. सख्ख्या भावाच्या एकुलत्या एक पोरीचं लग्न आणि ही घरात बसणार. मी त्याच वेळी ठरवलं की हिला लग्नाला न्यायचं, आणि पुढे बसवून न्यायचं.

शहाण्या माणसानं अशा वेळी वडिलांना सांगितलं असतं, "नाना, तुमी मागं बसा." पण मी तर नानांसमोर अजून बायकोला नावानं हाक मारत नाही. नुसता खोकतो, आणि ती समजून बाहेर येते. असल्या माणसानं सुभेदाराला सीटवरून कसं उठवायचं? तेव्हा मला वाटलं, जिला मागची सीटच नाही अशी गाडी आणावी. म्हणजे कुणाला उठवायला नको, कुणाला काही सांगायला नको. या कल्पनेवर मी इतका खूश झालो की त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तशी गाडी मी कोइमतूरच्या एका सराफाकडे पाहिली होती. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या विलायती गाडीची हुबेहूब नक्कल. तो म्हणाला होता, किट मिळतं, घरच्या घरी जोडायचं, पाच लाख फक्त. किट म्हणजे सगळं खोक्यात असणार, ही माझी समजूत. खोकी आली तेव्हा कळलं की नारळ म्हणून घेतलं आणि नुसती करवंटी हातात आली. फायबरची बॉडी, दोन दारं, थोडे लोखंडी पाइप आणि एक रंगीत पुस्तिका. इंजिन आपलं, चाकं आपली, काच आपली, दिवे आपले. पुस्तिकेत शेवटच्या पानावर एक गोरा माणूस बायकोला शेजारी बसवून हसत होता. तेवढं मात्र किटमध्येच होतं.

टेंपोतून बॉडी उतरवताना पारावरची मंडळी उठून आली. "लालासाब, होडी आनली व्हय?" एकानं विचारलं. "पर आपल्या येरळंला पानी कुटं हाय?"

जोडायचं काम मी दिलावरला दिलं. त्याची सांगली रोडला शेड आहे. उसाच्या ट्रॉल्या आणि जीपच्या बॉड्या करण्यात त्याचा हातखंडा. पण ती कामं त्याला कंटाळवाणी वाटतात. जे कधी केलं नाही ते काम आलं की हा माणूस उजळतो. पुस्तिका उलटी-सुलटी बघून तो म्हणाला, "झालंच म्हना शेट. संक्रांतीला बसून फिराल." कुठल्या संक्रांतीला, हे मी विचारायला हवं होतं.

आता खर्चाचं सांगतो. आमच्या धंद्यात सोनं भट्टीत घातलं की थोडी घट धरतात. चोख माणूस असेल तर फारच थोडी. मी किट, इंजिनासाठी घेतलेली लिलावातली लष्कराची जुनी जीप आणि दिलावरची मजुरी मिळून आठ लाख धरले आणि त्यावर सोन्याइतकीच घट धरली. मग जीपचं इंजिन उघडलं. किटचे बोल्ट इंचाचे आणि जीपचे मिलिमीटरचे निघाले, म्हणून सांगलीला लेथवर मधले तुकडे पाडून घेतले. पहिली काच बसवताना फुटली, दुसरी येतानाच फुटली, तिसरीवरून दिलावरनं नारळ ओवाळला. तारांची चाकं दिल्लीहून आली. लाकडी स्टिअरिंग ज्यानं केलं तो पाट-लाटणी करणारा होता, पण हे लाटणं नव्हे, हे बिल करताना त्याला चांगलं समजलेलं दिसलं. आकडा बारावर गेला, मग पंधरावर. शेवटी सतरा लाखांवर मी मोजणं बंद केलं, दिलावरनं नाही.

सवय माणसाला कुठपर्यंत नेते पाहा. गलाईच्या दुकानात जमिनीवरची धूळसुद्धा टाकत नाहीत. ती साठवतात, जाळतात आणि तिच्यातून वर्षाकाठी चार-सहा ग्रॅम सोनं काढतात. त्या हिशेबानं मी दिलावरला शेडमधलं झाडलेलं टाकू देईना. फायबर घासून पडलेला सगळा भुगा मी स्वतःच्या हातानं गोळा करून पोत्यात भरला. फायबर म्हणजे काचेचे धागे, हे मला घरी आल्यावर कळलं. आठवडाभर मी गोठ्यातल्या खांबाला पाठ घासत होतो आणि म्हशी माझ्याकडे ओळखीनं बघत होत्या.

पैसे कमी पडले तेव्हा गळ्यातला गोफ विट्याला नेऊन मोडला. गलाईवाल्याच्या गळ्यात गोफ नाही म्हणजे वकिलाच्या अंगात कोट नाही. जत्रेत जो तो माझ्या गळ्याकडे बघून हळूच विचारायचा, "धंदा बसला काय गड्या?" मी शर्टाचं वरचं बटण लावून हिंडलो.

ऋषिराजचा सेलमहून फोन यायचा. "पप्पा, एवढ्या पैशात नवी गाडी आली असती. मागची सीट असलेली."

"मला मागची सीट नको हाय."

"का पण?"

"हौस," मी म्हणायचो. सगळ्यांना मी हौसच सांगितली होती. शालनलासुद्धा. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "ह्या वयात लाल गाडी! कुनाला दावायची हाय म्हनायची?"

"तुला," हे अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "इंजिन लय भारी हाय."

संक्रांत गेली, पाडवा गेला. लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा दिलावर गाडी चालवत नाही, पण ट्रॉलीवर घालून का होईना, घेऊन आला. खोटं कशाला बोलू, गाडी सुरेख दिसत होती. आमच्या अंगणात तेवढी देखणी वस्तू आधी कधीच उभी राहिली नव्हती. मी सकाळीच शालनला पुटपुटत सांगून ठेवलं होतं, "पूजाच्या लग्नाला आपन दोगं ह्याच गाडीतनं जाऊ."

"दोगंच?" ती म्हणाली. मग तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं. ते नेसून, पूजेचं ताट घेऊन ती गाडीपाशी आली, तेव्हा मला सतरा लाख काहीच वाटले नाहीत.

कुंकू लावलं, नारळ फुटला. मी चावी फिरवली आणि इंजिन असं गरजलं की म्हशींनी दावी ताणली. तेवढ्यात नाना फेटा बांधून, काठी टेकत बाहेर आले आणि डाव्या दाराशी येऊन उभे राहिले. आणि मी काय केलं? उतरलो, फिरून गेलो आणि दार उघडून धरलं. कुणी सांगितलं नव्हतं. हातच गेला.

नाना बसले. सीट इतकी खाली की त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. आमच्या शेतातून विहिरीपर्यंत गेलेल्या वाटेनं मी त्यांना फिरवून आणलं. बाहेर काढायला दोघे लागले. मग सरपंच बसले, मग चुलते, मग सोसायटीचे चेअरमन. शालन ताट घेऊन उभीच होती. शेवटी तिनं ताट खाली ठेवलं, पदर खोचला आणि आत बसली. मी गिअर टाकला आणि बॉनेटमधून भसाभस वाफ यायला लागली.

"कायबी न्हाई शेट," दिलावर धावत आला. "मोटा फॅन टाकू, झालंच."

गर्दीत सांगलीचे हंबीरराव होते. ते आरटीओतली लोकांची कामं करून देतात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "कागद कशाचं हाय?"

"जीपचं."

"आन् जीप कुटं हाय?"

मी बॉनेटकडे बोट दाखवलं. हंबीररावांना माझी दया आली असावी, कारण ते एकदम हळू आवाजात बोलले. "लालासाब, कागदावर एक आन् समूर दुसरीच, अशी गाडी रस्त्यावर चालत न्हाई. धरली तर जप्त. हे आदी इचारायचं असतंय." मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "तुमच्या रानात किती बी फिरवा."

लोक पांगले. शालन अजून सीटवरच बसली होती. गाडी थंडगार होईपर्यंत बसली, आणि मग ताट उचलून आत गेली. त्या वेळी मला जेवढी माझी चीड आली तेवढी दिलावरची, हंबीररावांची, कुणाचीच आली नाही.

लग्नाच्या दिवशी पहाटे मोठी गाडी दारात काढली. शालन यायला तयार नव्हती. मी कसंबसं तिला बाहेर आणलं. तिनं सवयीनं मागचं दार धरलं. नाना काठी टेकत पुढच्या दाराशी आले. माझा हात पुन्हा दाराच्या मुठीकडे निघाला होता. तो मी खिशात घातला.

"नाना," मी म्हणालो आणि खोकलो. शालननं माझ्याकडे बघितलं, तिला वाटलं हाक मारली. "नाना, तुमी मागं बसा. शालनला फुडं बसू द्या. तिला मागं मळमळतंय."

नाना थांबले. मी जमिनीकडे बघत राहिलो. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मी त्यांना पहिल्यांदाच काही करायला सांगत होतो.

"आरं मग हे आदी सांगायचं न्हाईस व्हय?" नाना म्हणाले. "मी मागितली हुती का कवा फुडची सीट? तूच दार उघडून हुबा ऱ्हातूयास. पाय आखडून आखडून माझं गुडघं गेलं की रं! मागं कसं ऐसपैस पडता येतंय." आणि मागच्या सीटवर आडवे होऊन त्यांनी दार ओढून घेतलं.

शालन पुढे बसली. पट्टा कुठून ओढायचा ते तिला माहीत नव्हतं, मी लावून दिला. कराडपर्यंत ती अंग चोरून बसली होती, दुसऱ्याच्या जागेवर बसल्यासारखी. पाटण मागे पडलं, वळणं सुरू झाली. मी हळू चालवत होतो आणि सारखा तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती ठीक होती.

"ती लाल गाडी," मी म्हणालो, "तुला फुडं बसवायलाच केली हुती."

तिनं मान वळवली नाही. चिडली असावी असं मला वाटलं, आणि चिडली असती तर बरोबरच होतं. पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. कडेला कोयनेचं पाणी दिसत होतं, पलीकडे डोंगर एकामागे एक उभे होते, आणि ती डोळे मोठे करून समोर बघत होती.

"आवं, हे असं दिसतंय व्हय हितनं?" ती म्हणाली. "आन् मला इतकी वर्सं वाटायचं, माज्या म्हायेरचा रस्ताच वंगाळ हाय."

मी गाडी कडेला घेतली. समोरून ट्रक येतोय, असं तिला सांगितलं. रस्ता पार मोकळा होता, तो तिलाही दिसत होता, पण तिनं काच खाली केली आणि पाण्याकडे बघत बसली. मागे नाना पाय पसरून घोरत होते.