कोऱ्या पाण्यातलं कुंकू

घाडीमॅडमच्या खोलीत शिरायचं तर आधी आपल्या अंगाचा वास बाहेर ठेवून यावा लागतो. वनमाला घाडीगावकर हे त्यांचं पूर्ण नाव, पण अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये एवढं लांब नाव घ्यायला कोणाला वेळ नाही. राहतात नाहूरला, गाव कणकवलीकडचं, आणि राग आला की मालवणी. डोक्याला तेल लावून आलात, परत जा. सेंट मारलाय, परत जा. केसात सोनचाफा माळून आलेल्या प्रांजलला त्यांनी दारातच अडवलं, फूल काढून घेतलं आणि संध्याकाळी स्वतःच्या अंबाड्यात खोवून घरी गेल्या. आमच्या मालकांना, राजेशसरांना, आफ्टरशेव्हपायी काचेबाहेर उभं राहून हातवारे करत बोलावं लागतं. पगार तेच देतात हे मॅडमच्या लक्षात आहे की नाही, याची मला शंका आहे.

हा सगळा थाट एका मशीनसाठी. पोस्टाच्या तिकिटाएवढी एक चिप, तिच्या पोटात केसाहून बारीक नाल्या. नमुन्याचा एक थेंबसुद्धा तिला जास्त होतो. नाल्यांमधून जाताना थेंबातले पदार्थ सुटे होतात आणि चिपच्या टोकातून बारीक फवारा होऊन मास स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडात जातात. ते एकेका रेणूचं वजन करतं आणि पडद्यावर सुळका उभा करतं. सुळका कुठे आला त्यावरून पदार्थ ओळखायचा. अडचण एवढीच, की हा फवारा उघड्यावर उडतो. त्यामुळे खोलीत जे असेल ते मशीनच्या तोंडात जातं आणि सगळ्यांसमोर पडद्यावर येतं. चाळीतल्या शेजारणीला जमणार नाही अशी चहाडी हे मशीन करतं.

पण मशीन अजून आमचं नव्हतं. विकणाऱ्यांनी ते वापरून बघायला दिलं होतं. राजेशसरांनी सांगून टाकलं होतं, की दसऱ्यानंतर एका औषध कंपनीची बाई परीक्षा घ्यायला येतेय. तिचं काम मिळालं तर मशीन ठेवू, नाहीतर परत पाठवू. तेव्हापासून मॅडमचं चित्त ठिकाणावर नव्हतं. डब्यातलं काळ्या वाटाण्याचं सांबारं त्यांनी आपणहून माझ्यापुढे सरकवलं, तेव्हा मी खरी घाबरले. जुन्या मशीनला वाटीभर नमुना लागतो आणि उत्तर द्यायला ते दुपार घालवतं. निवृत्तीपर्यंत त्याच्यासमोर बसायची कल्पना त्यांना सहन होत नव्हती.

त्यात आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी तराजू, ओव्हन, कॉम्प्युटर, चहाचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. लवू, म्हणजे आमची साफसफाई आणि अर्धी लॅब सांभाळणारा माणूस, आग विझवायच्या नळकांड्यालाही सोडत नाही. फक्त नव्या मशीनच्या दारात मॅडम हात पसरून उभ्या राहिल्या. आत हळदीचा कणही येता कामा नये. लवूचं तोंड उतरलं. सगळ्यांना मिळतं आणि ह्यालाच नाही, रुसलं तर काय घ्या, असं तो पुटपुटला. शेवटी तोड निघाली: मशीन ज्या लाकडी खोक्यातून आलं, ते खोकं पॅसेजमध्ये मांडून त्याची पूजा केली. झेंडूचा हार घातलेल्या रिकाम्या खोक्याला आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला. मॅडमनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. दुसरी किल्ली लवूकडे असते.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो. औषधवाली बाई दुपारी येणार होती. मॅडमनी सकाळीच चिपमधून कोरं पाणी सोडलं. कोऱ्या पाण्यात काही दिसायला नको. दिसला तो एक उंच, टोकदार सुळका: स्वस्त कुंकवात घालतात त्या भडक गुलाबी रंगाचा.

"ह्यां कोणी केल्यान?" मॅडमचा आवाज पॅसेजपर्यंत गेला.

सगळ्यांच्या नजरा लवूकडे वळल्या. तो आईची शपथ घेऊन नाही म्हणाला. मॅडमचा विश्वास बसेना. त्या म्हणाल्या, पुरावा काढते. मग त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं, कापसाच्या काडीने एकेकाची बोटं पुसली आणि प्रत्येकासाठी वेगळी चिप लावून मशीनला दाखवलं.

हळद सगळ्यांच्या बोटांवर निघाली. राजेशसरांच्या बोटांवर निकोटिनही निघालं. सिगारेट सोडली म्हणून त्यांनी गणपतीत पेढे वाटले होते. आता ते बराच वेळ छताकडे बघत होते. माझ्या बोटांवर काय निघालं ते इथे लिहायची काही गरज नाही. पण तो गुलाबी रंग कोणाकडेच नव्हता. लवूकडेही नव्हता. ऑफिसचं कुंकू राजेशसरांच्या बायकोने दिलेलं, हळदीपासून केलेलं महागाचं होतं. त्यात तो रंग नव्हताच.

तरीही मॅडम लवूलाच म्हणाल्या, की हात धुतले असशील. तेव्हा माझं डोकं फिरलं. मला असला अन्याय बघवत नाही, आणि बघवला तरी गप्प बसवत नाही. मी काडी उचलली.

"मॅडम, तुमचं बोट राहिलंय."

मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझी वार्षिक पगारवाढ जाताना दिसली. पण शास्त्र म्हणजे शास्त्र. त्यांनी बोट पुढे केलं. मी चिप लावली. सुळका आला तो पडद्याच्या वरच्या कडेला टेकला.

मॅडम स्टुलावर बसल्या. नवमीला आम्ही गेल्यावर त्या अर्ध्या वाटेतून परत आल्या होत्या. पर्समध्ये आईचा करंडा होता. मशीनच्या तोंडाशी एक टिकली लावली, हात जोडले, लगेच पुसून काढली. काल दसऱ्याला घरच्या पूजेतही तेच कुंकू हाताळलं होतं.

"खोक्याला पूजा आणि ह्याला नाही, मला करवलं नाही गं," त्या म्हणाल्या. "ह्याला नेतील म्हणून भीती वाटते मला. आणि आईचं कुंकू देवळातलं, शुद्ध, असंच मी आयुष्यभर समजत होते."

मग त्या उठून लवूसमोर गेल्या आणि चुकलं म्हणाल्या. लवूने मान डोलावली आणि विचारलं, की टिकली लावलीत तर मग नारळ का नाही फोडलात. मॅडमना हसू आवरेना. मला मात्र रडू येत होतं, ते मी आवरलं.

मशीनचं तोंड घासलं, पुसलं, चिपा बदलल्या. सुळका आक्रसला, पण जाईना. तेवढ्यात परीक्षा घेणारी दीप्ती वाघमारे आली. वयाने लहान, चेहरा कडक, बोलणं मोजकं. तिने आणलेल्या गोळीच्या नमुन्यात एक भेसळ मुद्दाम लपवली होती; मशीनने ती चुटकीसरशी दाखवली. मग तिने कोरं पाणी चालवायला सांगितलं. पडद्यावर तो चिमुकला सुळका उभा राहिला.

हा कसला, तिने विचारलं. राजेशसर वीजपुरवठ्याबद्दल काहीतरी सुरू करणार होते. मॅडमनी त्यांना हातानेच थांबवलं.

"कुंकू आहे. नवमीला मी लावलं, लगेच पुसलं. आज सकाळपासून घासतेय, तरी दिसतंय. मशीनचा दोष नाही, माझा आहे."

दीप्तीने तो सुळका जवळ जाऊन बघितला. मग वळून पहिल्यांदाच हसली.

"आज सकाळपासून दोन लॅब बघून आले," ती म्हणाली. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दोन्हीकडे मशीनवर झेंडूचा हार, आणि दोन्हीकडचं पाणी अगदी कोरं. मला तेच पटलं नव्हतं."

काम आम्हाला मिळालं आणि मशीन राहिलं. राजेशसरांनी पुन्हा सिगारेट सोडली आहे, यावेळी पेढे वाटले नाहीत.

मॅडमचा नियम अजून तोच आहे; कालच मला डोक्याला तेल होतं म्हणून घरी परत पाठवलं. फक्त मशीन नीट बघतंय की नाही हे तपासायला रोज सकाळी ओळखीच्या पदार्थाचा एक थेंब द्यावा लागतो. त्यासाठी बाजारात महागडी द्रावणं मिळतात. आमच्याकडे शेल्फवर एक छोटी बाटली आहे, तिच्यात करंड्यातलं चिमूटभर कुंकू, हजारदा पातळ केलेलं. मॅडम आल्या की आधी हात धुतात, मग मशीनला तो थेंब देतात, आणि सुळका जागेवर आला की आम्ही कामाला लागतो.